डाव्या आसनाखालची ओल

आमच्या घरी मोटार आली ती माझ्या इच्छेने नव्हे. थोरले बंधू नंदेसरीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन कायमचे मुलाकडे राहावयास निघाले, तेव्हा आपली पांढरी, बरीच जुनी गाडी त्यांनी बडोद्यातील आमच्या कारेलीबागेच्या अंगणात कडुनिंबाखाली आणून उभी केली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "तुला नको असेल," ते म्हणाले, "पण तिला लागेल."

तिला, म्हणजे माझ्या पत्नीला. तिला श्वासाचा विकार जडून तेव्हा वर्ष होत आले होते. फुफ्फुसे आतून कडक होत चालली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला स्टेशनच्या पलीकडील दवाखान्यात न्यावे लागे. मी पाठशाळेत न्याय आणि व्याकरण शिकलेला व पुढे आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेला मनुष्य. पंचावन्नाव्या वर्षी मोटार हाकावयास शिकलो. पहिले काही महिने विश्वामित्रीच्या पुलावर माझ्यामागे रिक्षांची रांग लागत असे. पत्नी शेजारी बसून, श्वास पुरेल तितके बोलत असे. "पाठशाळेत फक्त बैलगाडीपर्यंतच शिकवलं होतं वाटतं तुम्हाला."

निघण्यापूर्वीचा आमचा एक नेम होता. सकाळची पूजा आटोपली की देवाच्या माथ्यावरचे एक फूल आणि चिमूटभर अक्षता ती माझ्या हातात देई. तिला डाव्या आसनावर बसवून, दार लावून, मी ते फूल गाडीला वाहत असे. प्रवास सुखाचा होवो, एवढाच त्यामागचा भाव. आरंभी मी ते बॉनेटवर ठेवीत असे. परंतु एकदा पहिल्याच वळणावर ते घरंगळले आणि मागून आलेल्या स्कूटरचे चाक त्यावरून गेलेले मी आरशात पाहिले. देवावरून उतरलेले फूल पायदळी जाऊ द्यावयाचे नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेले. तो डाग मनातून जाईना. पुढच्या खेपेपासून मी ते फूल समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या दांड्यामागे जी लांबट फटींची जाळी असते, तिच्यात हलक्या हाताने खोचून ठेवू लागलो. तिथून ते पडत नसे. अक्षताही त्याच फटींत सोडीत असे. दुसऱ्या दिवशी फूल दिसत नसे. वाऱ्याने गेले असेल, पाखराने नेले असेल, असे समजून मी निश्चिंत असे. सणावारी दूर्वा, तुळस, गुरुपौर्णिमेला मोगरा, दसऱ्याला झेंडूची पूर्ण माळ. असे सुमारे तीन वर्षे चालले.

या तीन वर्षांत तिचे दुखणे वाढत गेले. दुखणे वाढले तसा माझा भावही वाढला. एका फुलाची दोन झाली, दोनाची पाच.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात डॉक्टरांनी विचारले, "घरात कुठं ओल आहे का? बुरशी, कबुतरांची घाण, जुन्या गाद्या?" मी घरी आलो तो निश्चय करूनच. माळा रिकामा केला. वडिलांच्या पोथ्यांचे रुमाल एकेक सोडून उन्हात पसरले. न्हाणीघराची भिंत खरवडून नव्याने रंगवली. गच्चीच्या खोलीतून कबुतरांची जोडी हुसकावली आणि त्या कामी मला फार वाईट वाटले, कारण घरट्यात अंडी होती. घर कोरडे ठणठणीत झाले. पत्नीचा खोकला मात्र होता तेथेच राहिला.

मग पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एके दिवशी ती म्हणाली, "अहो, एक सांगू? मी घरी बरी असते. तिथं पोचेपर्यंत बिघडते."

"दवाखान्याची धास्ती घेतेस तू," मी म्हणालो.

"धास्तीनं घसा खाजतो का?"

पूजेच्या वेळी तिच्या नावाने आणखी एक माळ जप वाढवला, एवढेच.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी गाडी सुरू होईना. वेळ टळत होती, म्हणून रिक्षा केली. सयाजीगंजात वाहनांचा इतका धूर होता की माझेच डोळे चुरचुरू लागले. तिने तोंडाला पदर लावला होता. मी मनात म्हटले, आज हिचे कठीण आहे. परंतु दवाखान्याच्या पायऱ्या ती त्या दिवशी न थांबता चढली. वर पोचल्यावर माझ्याकडे वळून पाहिले आणि हसली.

विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर शिकवले होते की, कारण ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या: ते असताना कार्य घडते का, आणि ते नसताना घडत नाही का. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे, हे अनुमान शिकवताना माझा आवाज चढत असे. आणि इथे माझ्या शेजारी बसणारी बाई गाडी असली की गुदमरत होती, गाडी नसली की पायऱ्या चढत होती, आणि मला ते दिसावयास आणखी पंधरा दिवस लागले. ही गोष्ट मी कोणापाशी बोललो नाही.

पंधरा दिवसांनी, पावसाची मोठी झड येऊन गेल्यावर, मी गाडीत शिरून डाव्या आसनापुढची रबरी चटई उचलली. तिच्याखालचे कार्पेट वरून जेमतेम दमट होते. त्याची कड ओढून वर केली आणि खालच्या नमद्यावर, म्हणजे पत्र्यावर अंथरलेल्या जाड कापशी गादीवर, हाताने दाबले. बोटांच्या मधून पाणी वर आले. नमद्याच्या कडेला राखी-पांढऱ्या केसांसारखी बुरशी होती. मी तोंड बाहेर काढले आणि पायरीवर बसलो. तिचे पाय तीन वर्षे त्या जागी ठेवलेले होते.

"काय झालं?" ती दारातून विचारीत होती.

"इकडे येऊ नकोस," मी म्हणालो. इतक्या मोठ्याने मी तिच्याशी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

आता काही दिवस रिक्षाने जाणे आले. पण पावसात रिक्षाच्या उघड्या बाजूंनी ती भिजे, गारठे आणि दोन दिवस अंथरुणात पडे. गाडी तर हवीच होती, आणि ती कोरडी हवी होती. मी ती एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी पाहताक्षणी निदान केले: समोरच्या काचेचे रबर गेले आहे. काच उतरवली, नवे रबर बसवले, नमदा वाळवून पुन्हा घातला. मला इतका आनंद झाला की घरी येताना मांडवीहून झेंडूची हातभर लांब माळ आणली, पत्नीच्या हस्ते देवापुढे ठेवली आणि मग ती गाडीला वाहिली. संध्याकाळी माळ सुकली तेव्हा, टाकून देणे बरे नव्हे म्हणून, पाकळ्या मोकळ्या करून त्या जाळीतच सोडल्या.

पुढच्या पावसात नमदा पुन्हा भिजला; पूर्वीपेक्षा अधिक.

दुसऱ्या एका कारागिराने दारांना दोष दिला. दाराच्या पोटात शिरणारे पाणी खालच्या बारीक भोकांतून निघून जावे लागते, ती भोके मातीने बुजली होती. त्याने ती मोकळी केली, आतील फाटका प्लास्टिकचा पडदा बदलला. ओल कायम. तिसऱ्याने जेथे जेथे सांधा दिसेल तेथे काळी चिकट पेस्ट भरली. त्या पेस्टचा उग्र वास पत्नीला सोसेना, म्हणून मी गाडीत हवा खेळती राहावी याची काळजी घेऊ लागलो. डॅशबोर्डखाली एक लहान दांडा होता. तो ओढला की बाहेरची हवा आत येई. तिला मोकळी हवा मिळावी म्हणून तो मी नेहमीच ओढून ठेवीत असे. आता तर पंखाही लावू लागलो. तिच्या तोंडावर थेट झोत यावा असे झडपेचे तोंड मी स्वतः वळवून देत असे.

"बरं वाटतं का?"

"वारा बरा आहे," ती म्हणे, "वासच कसला तरी आहे. देवघराच्या मोरीसारखा."

देवघराच्या मोरीसारखा, हे शब्द तिने उच्चारले होते. मी ऐकले होते.

शेवटी वाघोडिया रोडवरील एका वृद्ध मिस्त्रीचे नाव कोणी सुचवले. तो पत्र्याचे काम करी. जन्म डभोईचा, बाळपण बडोद्यातील मराठी चाळीत गेलेले. त्यामुळे अर्धे गुजराती आणि अर्धे मराठी असे बोले. मी गाडी घेऊन गेलो तर त्याने गाडीकडे न पाहता मलाच नीट न्याहाळले.

"पेस्ट कोणी मारली?"

"दुसऱ्या कारागिरानं."

"पाणी ज्यां देखाय त्यांथी नथी आवतुं, काका. पाणी दिसतं एका जागी, येतं दुसरीकडून. आधी शोधायचं, मग औषध. ह्यांनी औषध आधी लावलं."

पत्नीला घरी एकटे सोडणे मला शक्य नव्हते, हे सांगितल्यावर तो रविवारी सकाळी स्वतः आमच्याकडे आला. येताना पान्यांची पिशवी, लवचिक तार आणि नळीचे भेंडोळे घेऊन आला. त्याने पुढची दोन्ही आसने सोडवून अंगणात ठेवली, कार्पेट काढले, कुजलेला नमदा घडी करून दूर नेला. उघड्या पत्र्यावर गंजाचे तांबडे ओघळ होते. पत्रा पुसून वाळवल्यावर त्याने खडूची भुकटी मागितली. वाळलेल्या पत्र्यावर भुकटी पसरली म्हणजे पाणी ज्या वाटेने उतरेल ती वाट उमटते.

खडू घरात नव्हते. पत्नी व्हरांड्यातील खुर्चीवर शाल पांघरून बसली होती, तिने विचार करून सांगितले, "रांगोळी चालेल का? तुळशीपाशी डबा आहे."

"चालशे, काकी. बहु सरस."

अशा रीतीने त्या गाडीच्या पोटात मी हातांनी पांढरी रांगोळी पसरली. मग मला हातात बॅटरी देऊन डॅशबोर्डखाली उताणे झोपवण्यात आले. डोके पायदानात, पाय दाराबाहेर. मिस्त्रीने दारे जमतील तेवढी ओढून घेतली आणि बाहेरून नळी सोडली. त्याची पद्धत खालून वर जाण्याची होती. आधी चाकांच्या वरचा पत्रा, मग दाराची खालची कड, मग दाराची काच, मग समोरच्या काचेचा खालचा कोपरा. प्रत्येक जागी पाणी बारीक धारेने, आणि मोजून दहा मिनिटे.

"आव्युं?" तो ओरडे. पाणी आलं का?

"नाही!"

"उतावळ नहीं. बघत रहा." थोड्या वेळाने पुन्हा, "आव्युं?"

"नाही!"

"आत डुलकी लागली असेल त्यांना," पत्नीचा आवाज आला. "शाळेतही दुपारी लागत असे."

"काका, काकी काय म्हणतात?"

"जागा आहे म्हणावं!"

ती हसली, आणि हसता हसता खोकू लागली. खोकला थांबेपर्यंत मिस्त्रीने नळी बाजूला धरली होती.

असे तासभर चालले. दारे कोरडी निघाली. नवे रबरही निर्दोष निघाले. माझी मान अवघडली होती. मग मिस्त्री म्हणाला, "हवे जाळी," म्हणजे आता जाळी, आणि डावीकडील फटींवर धार सोडली. मी मनात शंभर मोजले असतील. आरंभी काहीच नाही. मग वर, डॅशबोर्डच्या मागे, हवेच्या पेटीत गुळगुळ असा आवाज झाला. आणि ज्या झडपेतून पत्नीच्या तोंडावर वारा येत असे, तिच्या पाठीमागून काळसर पाण्याची एक धार निघून खाली आली. माझ्या कपाळावर पडली. थंड होती आणि तिला मोरीचा वास होता. बॅटरीच्या उजेडात रांगोळीवर तिची वाट काढली जात होती. पत्र्याच्या उतारावरून थेट डाव्या आसनाच्या जागी. त्या वाटेवर काही तरी बारीक, तपकिरी असे वाहत आले आणि रांगोळीत अडकले. मी ते चिमटीत धरले. झेंडूची पाकळी होती.

"आव्युं?" मिस्त्री विचारीत होता. "काका? आव्युं?"

मी पायाने दारावर दोनदा ठोकले.

तो बॉनेट उघडून कामाला लागला. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये, जाळीखाली, पन्हळीसारखी एक खोलगट जागा असते. पावसाचे पाणी तिच्यात पडते आणि दोन्ही टोकांना असलेल्या रबरी नळ्यांतून चाकांमागे जमिनीवर निघून जाते. त्याच पन्हळीतून बाहेरची हवा गाडीत घेतली जाते. त्याने डाव्या नळीत तार घातली. ती वीतभर जाऊन अडली; म्हणजे तुंबलेले पाणी हवेच्या वाटेने आत उतरत होते. मग त्याने जाळीचे स्क्रू काढून जाळीच उचलली.

पन्हळ काठोकाठ भरलेली होती. काळा, मऊ, तळाशी ताडपत्रासारखा थर धरलेला चिखल. वरच्या अंगाला अजून ओळखू येतील अशा गोष्टी होत्या: माळेचा दोरा, जास्वंदीचे देठ, दूर्वांची जुडी, तुळशीच्या मंजिऱ्या, आणि फुगून पिठूळ झालेले अक्षतांचे दाणे, ज्यांच्यावरचे कुंकू अजून पूर्ण गेले नव्हते. मिस्त्रीने बोटांनी एक मूठ काढली, वास घेतला, आणि प्रथम जाळीकडे व नंतर माझ्याकडे पाहिले.

"आ कोणे भर्युं?" तो हलक्या आवाजात म्हणाला. कोणी भरलं हे?

मी हात पुढे केला. माझे दोन्ही हात रांगोळीने पांढरे झाले होते.

तो म्हातारा काय समजावयाचे ते समजला. एवढ्यात व्हरांड्यातून तिने विचारले, "अहो, सापडलं का? काय निघालं?"

माझ्या आधी तोच वळला. "पांदडां, काकी!" त्याने मोठ्याने सांगितले. "कडुनिंबाची पानं! झाडाखाली गाडी ठेवता ना, म्हणून!"

"तरी मी म्हणत होते, ते झाड छाटा," ती म्हणाली.

मी खोटे बोललो नाही. परंतु गप्प राहिलो. सत्याचे व्रत मी ज्या प्रकारे पाळत आलो होतो, त्यात अशा गप्प राहण्याला खोट्याहून वेगळे नाव नाही.

चिखलाने एक बादली भरली. मिस्त्री ती फाटकाबाहेर गटारात ओतावयास निघाला तेव्हा मी त्याला अडवले. ते निर्माल्य होते. गटारात टाकण्याचा अधिकार मला नव्हता. मी बादली घेतली आणि तगरीच्या आळ्यापाशी गेलो. तिथे उभा राहिलो आणि पुढे काय करावे ते सुचेना. हे देवाच्या माथ्यावरचे होते. आणि हेच तीन वर्षे तिच्या छातीत जात होते. आयुष्यात प्रथमच एक वस्तू माझ्या हातात अशी होती की ती डोक्याला लावावी की हात धुऊन टाकावे, हे मला ठरवता येत नव्हते. शेवटी मी ती आळ्यात ओतली, माती लोटली आणि नळाखाली कोपरांपर्यंत हात धुतले. नमस्कार केला नाही.

मिस्त्रीने दोन्ही नळ्या बदलल्या, जाळीखाली बारीक तारेची दुसरी जाळी बसवली, हवेची पेटी काढून धुतली. नवा नमदा चार दिवस गच्चीवर उन्हात राहिला. मी पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरले, म्हणजे थेंब पडला तरी डाग दिसेल. जाताना तो म्हणाला, "काका, भगवानना फूल भगवान पासे ज सारां." देवाची फुलं देवापाशीच बरी. त्याने ते कुठलाही टोला न मारता म्हटले, म्हणून अधिक लागले.

मंगळवार आला. कोरड्या गाडीत आसन बसले होते. मी तिला हात देऊन अंगणात आणले. गाडीपाशी येऊन तिने नेहमीप्रमाणे मूठ उघडली: जास्वंदीचे एक फूल आणि अक्षता. मी ते हातात घेतले आणि तिथेच उभा राहिलो.

"वाहा ना. उशीर होतोय."

"पानं नव्हती ती," मी म्हणालो.

"कुठली पानं?"

"जाळीत. कडुनिंबाची नव्हती." आणि मग मी सारे सांगितले, स्कूटरच्या चाकापासून झडपेच्या झोतापर्यंत, काही न वगळता. ती दाराला धरून ऐकत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, वस्त्र हळूहळू फाडावे तसा बारीक.

"म्हणजे मी दिलेली फुलं," ती म्हणाली.

"मी खोचलेली."

"प्रत्येक खेपेला?"

"प्रत्येक खेपेला."

मी तिच्या रागाची वाट पाहत होतो. तो आला असता तर मला सोपे गेले असते. तिने माझ्या हातून फूल परत घेतले. "द्या इकडे. पायदळी जायला नको आणि जाळीतही जायला नको." आणि विरळ झालेल्या आपल्या अंबाड्यात ते खोचण्याचा प्रयत्न करू लागली. हात वर धरून ठेवण्याइतका दम तिच्यात नव्हता. मग मीच ते खोचले. माझी बोटे फार वेळ घेत होती.

"आता चला," ती म्हणाली. "आणि अक्षता चिमण्यांना टाका."

पुढे प्रत्येक खेपेला देवाचे फूल तिच्या केसांत असे. गाडीतला वास गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा खोकला आता वाढत नसे. परंतु फुफ्फुसांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. मी डॉक्टरांना एकटे गाठून विचारले की, ही ओल दोन वर्षे आधी सापडली असती तर? ते चष्मा पुसत राहिले. "शास्त्रीजी, काही फुफ्फुसं कशानंही बिघडतात. ओलीनं भर पडली असेल. किती, ते कोणालाच सांगता येणार नाही." मी आणखी दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत, तेच विचारले. त्यांनी दोनदा तेच उत्तर दिले.

पौष महिन्यात बडोद्याला मावठे आले. असा अवेळीचा पाऊस थोडाच असतो, पण त्या दिवशी सकाळपासून संततधार होती, आणि त्याच दिवशी तिची बोटे निळसर दिसू लागली. मी तिला उचलूनच गाडीत ठेवले. तिचे वजन आता फारसे उरले नव्हते. देवघरातून फूल घ्यावयास मी विसरलो. पुलावर पुढे वाहने खोळंबली होती. काचेवर पाणी पडत होते, वायपर फिरत होते. तिने मान माझ्याकडे वळवली.

"खाली हात लावून बघा."

"काय?"

"खाली. माझ्या पायांशी."

मी वाकलो, चटईची कड उचलली, कार्पेटखाली हात घातला. नमदा कोरडा होता. त्याखाली अंथरलेल्या कागदाचा कोपरा बोटांना लागला. तोही कोरडा, करकरीत.

"कोरडं आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. कोरडं आहे."

तिने डोळे मिटले. पुढची वाहने हलली. दवाखान्यात तिला रात्रभर नळी लावून ठेवले होते. पहाटे ती गेली. पुलावरच्या त्या प्रश्नानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही.

गाडी अजून माझ्याकडे आहे. फारशी चालवत नाही. मिस्त्री आता नाही. दर मंगळवारी सकाळी, पूजेनंतर, मी एक बादली पाणी घेऊन अंगणात जातो आणि जाळीवर सावकाश ओततो. मग गुडघ्यावर हात देऊन खाली वाकतो आणि चाकांमागे पाहतो. उजवीकडची धार लगेच पडते. डावीकडची थोडी उशिरा पडते; तशी ती नव्या नळीपासूनच पडते, मिस्त्रीने तेव्हाच सांगितले होते. तरी ती पडेपर्यंत मी वाकलेलाच राहतो. कंबर दुखते. शेजारची सून एकदा फाटकातून म्हणाली, "काका, काही पडलं का? शोधून देऊ?"

"नाही, बाळ," मी म्हणालो. "पाणी जातंय का ते बघतोय."